बाईसाहेबांचा रंग

गल्लीत कुणाच्या मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, की लोक आधी ताईकडे यायचे आणि मग डॉक्टरांकडे. ताई काही शिकलेली नव्हती. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. पण जनावरांच्या दवाखान्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. लागली होती फरशी पुसायला. मग दुसरं कुणी नाही म्हणून मांजरं धरायला उभी राहिली, मग औषधं काढून द्यायला, आणि शेवटची दहा वर्षं तर डॉक्टर जनावराला हात लावायच्या आधी ताईच्या तोंडाकडे बघायचे. तिची भुवई वर गेली की समजायचं, प्रकरण साधं नाही.

दवाखाना सुटला तरी जनावरं काही सुटली नाहीत. कुणी बाहेरगावी निघालं की आपलं मांजर, ससा, पोपट, कासव जे असेल ते ताईकडे आणून ठेवायचं आणि निश्चिंत मनाने गाडीत बसायचं. दोन खोल्या, एक माणूस वळेल न वळेल एवढं स्वयंपाकघर आणि वर गच्चीचा अर्धा तुकडा, एवढं ताईचं राज्य. त्यात जागेपेक्षा पिंजरे जास्त. आणि जनावर ठेवून घेताना मालकाला दोन गोष्टी सुनावल्याशिवाय ती राहायची नाही. मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं तर त्याचं यकृत बिघडतं, तेव्हा भूक लागली की खाईल म्हणून स्वस्थ बसायचं नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला सतत गवत चघळायला हवं. बिस्किटं चारणाऱ्यांना ती सांगायची, तुम्ही सशाचे लाड करत नाही, डॉक्टरांचे करताय. गोल्डफिशला तर पोटच नसतं, नुसतं आतडं, म्हणून तो कधी बघा, उपाशीच. यावर खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली, की आमच्या घरात चांगली पोटं असलेले आहेत त्यांचं काय करायचं. ताई म्हणाली, त्यांच्यावर माझ्याकडे औषध नाही.

गच्चीवर पाण्याचे पाच टब होते. एकात लिली. दोन टबांत फितीसारख्या लांब पानांचं गवत, जे पाण्याखाली राहून बाजूला फुटवा सोडतं आणि आईच्या शेजारी लेक, लेकीच्या शेजारी नात अशी रांगच्या रांग उभी करतं. उरलेल्या दोनांत तरंगणारी, टिकलीएवढ्या पानांची झाडं. ही चार दिवसांत दुप्पट होतात, आणि ताई ती चाळणीने काढून कासवांना घालायची. या झाडांपायी तिने माशांच्या दुकानदाराला कितीतरी शिकवलं होतं. त्याच्या दुकानात दिवसभर पंप चालायचे म्हणून सगळे त्याला बुडबुडे म्हणायचे. नवीन झाड पाण्यात लावलं की पानं गळून चिखल होतो, तेव्हा घाबरून उपटून फेकायचं नाही, मूळ जिवंत असतं, नवी पानं येतात, हे बुडबुडेला ताईनेच सांगितलं. त्याआधी तो बिचारा जिवंत झाडं कचऱ्यात टाकत होता.

तर अशी ताई. आणि तिचा एकच कायदा होता. तिच्या ताब्यातलं जनावर गेलं, तर मालकाला त्याच दिवशी सांगायचं.

एकदा तिच्याकडे ठेवलेला पांढरा ससा दुसऱ्याच दिवशी सकाळी मरून पडला. म्हातारा होता, त्याची वेळ झाली होती. मालक मंडळी लांब फिरायला गेलेली, घरात सहा वर्षांची मुलगी. शिंपीणबाई म्हणाली, पांढरा ससा पांढऱ्या सशासारखाच दिसतो, दुसरा आणून ठेवू, पोरीला कळणारही नाही. ताईने फोन लावला. मुलीची आई फोनवर नको नको ते बोलली, आणि पुढे वर्षभर जिन्यात ताई दिसली की तोंड फिरवून जायची. ताईने ते सोसलं. ज्याचं जनावर, त्याला त्याच्या वाटचं रडू मिळालं पाहिजे, असं तिचं म्हणणं. ते आपण मधल्यामध्ये खाऊन टाकायचं नाही.

ताईचं स्वतःचं म्हणावं असं एकच जनावर होतं. बाईसाहेब.

हा गोल्डफिश तिच्या यजमानांनी आणला होता, अंगठ्याएवढा असताना. यजमान बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायचे. मासा टाकीत गोल गोल फिरून कोपरा न् कोपरा तपासायचा, ते बघून त्यांना डेपोतल्या साहेबांची आठवण झाली आणि नाव पडलं साहेब. साहेब वाढत वाढत वीतभर झाले. मग एका सकाळी टाकीतल्या फितीच्या पानांना साबुदाण्याहून बारीक दाणे चिकटलेले दिसले. अंडी. दवाखान्यात ताईने ही हकिगत सांगितली तेव्हा डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले, म्हणाले, अहो, तुमचे साहेब तर बाई आहेत. त्या दिवसापासून बाईसाहेब. रंग असा, की गाजर फिकं पडावं. शेपटीचं टोक तेवढं पांढरं, दुधात बुडवून काढल्यासारखं.

यजमान कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी टाकीच्या झाकणावर दोनदा टकटक करायचे. बाईसाहेब जिथे असतील तिथून वर यायच्या आणि त्यांच्या बोटावरचा दाणा घ्यायच्या. माशाला दोन क्षणांपलीकडचं आठवत नाही म्हणणाऱ्यांना ताई हे उदाहरण द्यायची. मासा महिनोन्महिने लक्षात ठेवतो, तुम्हीच त्याला लक्षात ठेवण्याजोगं काही देत नाही. यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती टकटक ताई करायची. बाईसाहेब यायच्या. घरात त्या बोटाची आठवण असलेले दोनच जीव उरले होते, आणि दोघी मिळून ती रोज काढायच्या. बाहेरून बघणाऱ्याला मात्र वाटायचं, बाई माशाला दाणे घालते आहे.

मग ताई गच्चीच्या जिन्यावरून पडली. टिकलीएवढ्या झाडांची चाळणी एका हातात, दुसऱ्या हातात काही नाही, आणि पायरी ओली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पंधरा दिवस दवाखान्यात, या वेळी माणसांच्या, आणि पुढे दीड महिना धाकटीकडे, कारण तिची खोली तळमजल्यावर.

धाकटी म्हणजे ताईची सख्खी बहीण. सगळी गल्ली ताईला ताई म्हणायची, पण जन्माने तो हक्क हिचा एकटीचा. टेलिफोनच्या ऑफिसात नोकरी झाली, नवरा लवकर गेला, मूल नाही. जीव लावणारी, पाठ टेकवू न देणारी, आणि स्वच्छतेची अशी भोक्ती, की तिच्या घरात धूळसुद्धा परवानगी घेऊन यायची. ताईच्या आजारपणात तिने काय केलं नाही ते विचारा. उठवलं, बसवलं, न्हाऊ घातलं. आणि रोज दोन गल्ल्या ओलांडून ताईच्या घरी जाऊन बाईसाहेबांना दाणे घातले. लोकांची जनावरं ज्याच्या त्याच्या घरी गेली होती, पण बाईसाहेबांना कुठे पाठवणार.

ताईने खाटेवरून तीन तीनदा बजावलं होतं. पाणी एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बदलायचं नाही. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच घालायचं, नाहीतर त्यातलं औषध माशाचे कल्ले जाळतं. काचेवरचं हिरवं ही घाण नव्हे. आणि साबण टाकीच्या वाऱ्यालासुद्धा उभा करायचा नाही. धाकटीने हे सगळं कागदावर उतरवून टाकीजवळच्या भिंतीला चिकटवलं. रोज संध्याकाळी ती परत आली की ताई विचारायची, कशी आहे. धाकटी सांगायची, मजेत.

दोन महिन्यांनी ताई काठी टेकत घरी आली. टाकी लखलखत होती. काचेवर हिरवा ठिपका नाही, दगड नव्यासारखे, फितीच्या गवताची तेवढी खुंटं उरलेली. आणि दगडाच्या आडोशाला एक फिकट पिवळा मासा.

ताईच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा, की ही कोण?

कोण म्हणजे, बाईसाहेब, धाकटी म्हणाली आणि लगेच माठ भरायला वळली. पाण्याच्या आवाजात पुढचं वाक्य आलं. खिडक्या बंद होत्या ना गं ताई, इतके दिवस. अंधारच होता सगळा.

आणि इथेच ताई फसली. अडाणी बाई असती तर फसली नसती. अडाणी बाई म्हणाली असती, हा माझा मासा नाही, माझा मासा केशरी होता. पण ताईला माहीत होतं. गोल्डफिशला उजेड मिळाला नाही की त्याचा रंग उतरतो, महिनोन्महिने अंधारात ठेवला तर पांढराफटक पडतो, हे तीच तर पंधरा वर्षं लोकांना सांगत आली होती. धाकटीचं अर्धवट वाक्य तिने स्वतःच पुरं केलं. म्हणाली, हो गं, रंगच उतरला बाईचा, काही हरकत नाही, उन्हाने येईल. तिने झाकणावर दोनदा टकटक केली. मासा आणखी आत सरकला. त्यालाही ताईकडे कारण तयार होतं. दोन महिने दुसऱ्याचा हात, दुसऱ्याची वेळ, बावरली असेल. शेपटीचं पांढरं टोक दिसेना, तर सगळाच मासा फिका, टोक वेगळं दिसणार कसं. जितकं जास्त माहीत, तितकी जास्त कारणं हाताशी.

मग सुरू झाली बाईसाहेबांची रंगसेवा. टाकी खिडकीशी हलवली. सकाळचं दोन तास कोवळं ऊन, तेही पाणी तापणार नाही अशा बेताने, मध्ये पातळ पडदा. उकडून चुरलेलं गाजर, सुक्या कोळंबीची पूड. गच्चीवरच्या टबातून फितीचं नवं गवत आणून लावलं. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला टाकीपुढे उभं करून अंधाराची आणि रंगाची गोष्ट सांगणं. शिंपीणबाईने ती चारदा ऐकली आणि चारही वेळा हातातल्या सुईत दोरा ओवत बसली. बुडबुडेने ऐकली तेव्हा तो मान डोलवत होता. त्या दिवशी ताईने त्याला सहज विचारलं, की तुझ्या दुकानातल्या मोठ्या टाकीतला तो म्हातारा पिवळा कुठे दिसत नाही. तो म्हणाला, दिला एकाला.

धाकटी रोज संध्याकाळी यायची. चहा व्हायचा. मग दोघी टाकीपुढे खुर्च्या ओढायच्या. ताई म्हणायची, आज जरा बरा वाटतोय नाही रंग. धाकटी पुढे वाकून बघायची आणि म्हणायची, हो गं, शेपटीकडे केशरी आलंय.

सात महिने असे गेले. दरम्यान दोघींचं ठरलं, की आता वेगवेगळं राहण्यात अर्थ नाही. एकीचा खुबा, दुसरीचं एकटेपण. येत्या पहिल्या तारखेला धाकटीने आपली खोली सोडून ताईच्या दुसऱ्या खोलीत यायचं. ताईने पिंजरे गच्चीवर हलवून कपाट रिकामं केलं. धाकटीने खोकी बांधायला घेतली. लोकांनी विश्वासाने ठेवलेली जनावरंही आता दोघी मिळून बघणार होत्या.

पहिली तारीख दहा दिवसांवर आली असताना हवा तापली, पाणी तापलं, आणि एका सकाळी ताईला माशाच्या गालांवर पांढरे कण दिसले. मीठ भुरभुरावं तसे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग म्हणजे माशांची देवीच. एकाला झाली की टाकी साफ. तिने यजमानांचं भिंग काढलं, मासा जाळीत हलकेच काचेजवळ घेतला आणि बघत राहिली.

अंगावर एक ठिपका नव्हता. शेपटीवर नव्हता. फक्त दोन्ही कल्ल्यांच्या झाकणांवर, आणि पुढच्या परांच्या पहिल्या काट्यावर ओळीने, जसे करवतीचे दाते. हा रोग नव्हता. दवाखान्यात असे मासे घेऊन घाबरलेली माणसं यायची आणि ताई त्यांना हसून परत पाठवायची. पाणी ऊबदार झालं, जोडीचे दिवस आले, की गोल्डफिशला हे मोती फुटतात. पण नराला.

ताईने मासा सोडला आणि खुर्चीत बसली. अकरा वर्षांत बाईसाहेबांना हे मोती कधी आले नव्हते. बाईसाहेबांनी अंडी घातली होती, तिने ती आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. मनाने मग जाता जाता एक शेवटची काडी धरली. समुद्रातले काही मासे मादीचे नर होतात, काही नराचे मादी होतात, हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण गोल्डफिश त्यातला नाही, हेही त्यांनीच सांगितलं होतं. या खेपेला तिच्या माहितीने तिला कारण दिलं नाही.

काठी घेऊन ती उतरली आणि तडक बुडबुडेच्या दुकानात गेली. तो जाळीने रिकाम्या टाकीतला पाला काढत होता. ताईने आडून काही विचारलं नाही. म्हणाली, तुझा म्हातारा पिवळा माझ्याकडे आहे, होय ना?

तो जाळी झटकत राहिला. मग त्याने पंप बंद केला, आणि त्या दुकानात कधी नसते एवढी शांतता झाली.

त्याने सगळं सांगितलं. ताईचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. हिरव्या काचा बघवेनात म्हणून धाकटीने टाकी स्वच्छ करायला काढली. सगळं पाणी ओतलं, दगड आणि काचा साबणाने घासल्या, गवत धुऊन काढलं आणि नळ सोडून टाकी भरली. भिंतीवरचा कागद समोरच होता, पण आपल्याला आवडणारं काम करताना माणूस कागद वाचत नाही. दुपारपर्यंत बाईसाहेब पाण्यावर आडव्या झाल्या होत्या. धाकटी डब्यात घालून त्यांना दुकानात घेऊन आली, रडत, की अशीच दुसरी दे. तेवढा मोठा मासा त्याच्याकडे एकच होता. वाटेत शिंपीणबाई भेटली होती, तिलाही सगळं माहीत होतं.

ताई म्हणाली, रंग तर वेगळा होता. तो कसा खपेल वाटला तुम्हाला?

बुडबुडे टाकीच्या काचेवरचा डाग बोटाने पुसत म्हणाला, "अंधाराचं मीच सुचवलं, ताई. तुम्हीच शिकवलं होतं मला. म्हटलं, हे सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल."

ताई घरी आली ती जिन्यात शिंपीणबाईच्या दारावरून आली. मशीनचा आवाज येत होता, तो ताईची काठी वाजली तसा थांबला आणि ती पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झाला. ताईच्या डोळ्यांपुढे सात महिने उलगडत गेले. ती टाकीपुढे उभी राहून अंधाराची गोष्ट सांगते आहे, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना ती कुठून आली ते माहीत आहे. हसले नसतील बिचारे. कीव केली असेल. ते जास्त झोंबतं.

संध्याकाळी धाकटी आली, हातात दोन रिकामी खोकी, इथे कपडे ठेवायला लागतील म्हणून. ताईने चहा टाकला नव्हता. धाकटीने टाकीकडे बघितलं, ताईकडे बघितलं आणि खोकी दारातच ठेवली.

बोलणं फार झालं नाही. धाकटी पहिल्यापासून जे मनात घोकत आली असेल ते बोलली, की तू हाड मोडून पडलेली, डॉक्टर म्हणाले होते मनाला त्रास नको, अशा वेळी मी येऊन काय सांगणार होते, की तुझ्या यजमानांची आठवण मी साबणाने धुऊन टाकली. ताईने ते मान्य केलं. त्या दिवशी नाही सांगितलंस, ठीक आहे, म्हणाली. त्या आठवड्यातही नाही. पण मी काठी टेकत दारात उभी राहिले आणि विचारलं ही कोण, तेव्हा?

तेव्हा तूच म्हणालीस रंग उतरला, धाकटी म्हणाली. मग मला मागे फिरता येईना.

ताईने एवढंच विचारलं, "शेपटीकडे केशरी आलंय म्हणायचीस रोज. तुला दिसायचं का ते?"

धाकटी रडायला लागली. ताई रडली नाही. मासा मेल्याचं दुःख मोठं होतं, पण ते दुःख तरी बाईसाहेबांचं होतं. हे दुसरंच होतं. रोज संध्याकाळी शेजारी बसून जिने डोळ्यांत डोळे घालून खोटा रंग दाखवला, तिच्या हातात पहिल्या तारखेपासून घराची किल्ली द्यायची होती. आणि लोकांची जनावरं.

शेवटी ताईने विचारलं, कुठे टाकलीस?

धाकटीने डोळे पुसले. म्हणाली, टाकीन कशी गं. तुझ्या लिलीच्या टबात पुरली, मुळाशी, चिखलात.

ताईने मान हलवली. म्हणाली, पहिली तारीख राहू दे सध्या. लिलीचा गड्डा यंदा सोडवायचाच आहे, दोन वर्षं झाली. रविवारी ये, टब मला एकटीला हलणार नाही. ते झालं की बघू.

धाकटी खोकी न घेताच गेली.

मधल्या दिवसांत ताईने टाकीचा पडदा काढला आणि टाकी खिडकीपासून आत, मूळच्या जागी ओढली. त्या पिवळ्या जिवाचा काय दोष. तो जन्मापासून पिवळाच होता, आणि सात महिने एक बाई त्याला उन्हात धरून दुसऱ्याच्या रंगाचा करायला बघत होती. गाजर त्याला आवडायचं, म्हणून ते चालू ठेवलं. दाणे घालताना ती झाकण नुसतं उचलायची. टकटक मात्र करायची नाही. ती याची नव्हती.

रविवारी धाकटी आली. गच्चीवर दोघींनी मिळून लिलीचा टब कलता केला, हिरवं पाणी बादलीत काढून घेतलं. यंदा लिलीला फुलं भरपूर आली होती, पानं ताटाएवढी. ताईने स्टुलावर बसून बाह्या वर सारल्या. गड्डा बाहेर घ्यायचा तर आधी मुळाखालचा चिखल हाताने मोकळा करावा लागतो. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले.

"ताई, नको शोधू," धाकटी म्हणाली. "तिथे नाहीये ती."

ताईचे हात तिथेच थांबले.

धाकटी टबाची कड धरून उभी होती आणि चिखलाकडे बघत बोलत होती. दुकानातून निघाल्यावर डबा हातातच होता. घरी न्यायचं धैर्य झालं नाही, पुरायचं सुचलं नाही, समोरून कचऱ्याची गाडी आली. डब्यासकट दिली. लिलीचं त्या दिवशी तोंडात आलं, तू विचारलंस आणि तोंडात आलं, मला दुसरं काही सांगता येईना. तेव्हापासून झोपले नाही, तू खणणार आणि तुला काही मिळणार नाही म्हणून.

खाली शिंपीणबाईचं मशीन चालू होतं. ताईने चिखलातले हात बाहेर काढले नाहीत. कचऱ्याची गाडी. ज्यांनी त्या जिवाला नाव ठेवलं ते रोज चप्पल काढायच्या आधी तिला भेटायचे. ताई बोलली तेव्हा आवाज रोजच्यासारखाच होता.

"हे खरं दिसतंय," ती म्हणाली. "धर तो गड्डा खालून."

दोघींनी ओढून गड्डा बाहेर काढला. मुळं एकमेकांत इतकी गुंतली होती की कुठली कुणाची सांगता येऊ नये. ताईने जुन्या पात्याने गड्डा मधोमध कापला, प्रत्येक भागाला डोळा राहील अशा बेताने. लिलीला असा कापल्याचा त्रास होत नाही, उलट दोन्हीकडून नवी फुटते. एक तुकडा तिने नव्या मातीत बसवून टबात ठेवला. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून बादलीत घातला आणि बादली धाकटीच्या पायाशी सरकवली.

हा तुझ्या खिडकीखाली ठेव, म्हणाली. ऊन येतं तिथे.

धाकटीला कळलं. तिने बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली. म्हणजे मी माझ्याच खोलीत राहायचं, असं तिने विचारलं नाही. कपाट दुसऱ्या खोलीत रिकामंच होतं, ते तिला जिना चढताना दारातून दिसलं होतं. ताईने त्याबद्दल काही काढलं नाही, भरीनही म्हणाली नाही, रिकामं ठेवीनही म्हणाली नाही.

पाण्याचं काय करायचं, धाकटीने विचारलं.

नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून घालायचं, ताई म्हणाली. पहिले आठ दिवस पानं पिवळी पडतील, गळतील, चिखल होईल. घाबरून उपटायची नाही. मूळ धरलं की नवं पान येतं. धाकटीने खिशातून कागद काढला आणि जिन्याच्या कठड्यावर ठेवून सगळं लिहून घेतलं, जसं तिने मागेही लिहून घेतलं होतं. ताई ते बघत होती.

धाकटी बादली घेऊन दोन पायऱ्या उतरली तेव्हा ताईने तिला हाक मारली. धाकटीने मान वर केली.

"मेली तर त्याच दिवशी सांग," ताई म्हणाली. "दुसरी आणून ठेवू नकोस."